‘फक्त बाहेरून लावा’ हे आत्याला कोण वाचून दाखवणार?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. वस्तीतली वीज गेली होती. आमची आत्या खोकत उठली आणि अंधारातच फळीवर हात फिरवून तिने औषधाची बाटली घेतली. झाकणात ओतून दोनदा प्याली. तिसऱ्यांदा ओतायच्या आधीच तिच्या तोंडातून किंकाळी निघाली. घसा जळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते. मोबाईलच्या उजेडात पाहिले तर हातात खोकल्याचे औषध नव्हते, गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली होती.

आत्या त्र्याहत्तर वर्षांची आहे. १९७२ च्या दुष्काळात तिने जालन्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढे पोट भरायला इकडे आली, इमारतींवर बिगारी काम केले, मग वीस-बावीस वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी केली. तिच्या गुडघ्यांनी जे ओझे वाहिले त्याचा हिशेब कोणत्याही मस्टरवर नाही. आता ते गुडघे रात्री तिला झोपू देत नाहीत. म्हणून उशाशी तेलाची बाटली, ट्यूब आणि बामची डबी कायमची.

त्या रात्री आम्ही ज्या चुका केल्या त्या सांगतो, कारण त्याच चुका उद्या तुमच्या घरी होऊ शकतात. माझ्या बायकोने मिठाचे पाणी पाजून तिला ओकारी करायला लावली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दूध-तूप द्या, विष मरतं. तेही दिले. एक जण म्हणाला, दवाखान्यात नेऊ नका, पोलिस केस होईल, म्हातारीने जीव द्यायचा प्रयत्न केला असे लिहितील. या चर्चेत पाऊण तास गेला. तोवर आत्या भराभर श्वास घेऊ लागली आणि ‘कानात भुंगा शिरलाय’ असे बडबडू लागली. मग रिक्षा केली.

रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “बाटली आणलीत का?” आम्ही आणली नव्हती. मी परत घरी धावलो. बाटली आणून त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनीही ती दिव्याजवळ नेऊन, डोळे बारीक करून वाचली. इतकी ती अक्षरे बारीक होती, आणि सगळी इंग्रजीत. मग ते मला म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाच्या हाताशी असली बाटली ठेवता? काही जबाबदारी आहे की नाही?”

मी मान खाली घातली. आत्या तीन दिवसांनी घरी आली. तिला विचारले, “आत्या, अगं वेगळी बाटली कळली कशी नाही तुला?” ती म्हणाली, “डोळ्याला दिसना बाबा, वासानं वळखली. वास तर त्योच व्हता.”

वाचकहो, मी मान खाली घातली होती ती आत्याच्या या वाक्यानंतर वर केली. कारण ती खरे बोलत होती. खोकल्याच्या औषधात पुदिन्याच्या फुलाचा वास असतो, गुडघ्याच्या तेलातही तोच असतो. बाटली तेवढीच, झाकण तसेच. अक्षर वाचता येत नाही, मोतीबिंदूने नजर अधू झाली आहे, वीज गेलेली आहे. अशा बाईने वासावरून औषध ओळखले तर तो तिचा वेंधळेपणा म्हणायचा का? असे अपघात घडायला लागणारी सगळी तयारी आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते. म्हातारी माणसे फक्त शेवटचे झाकण उघडतात.

त्या बाटलीत असते काय?

दुखण्यावरच्या तेलाला आपण औषध मानतच नाही. गोळी म्हणजे औषध, सुई म्हणजे औषध. तेल, बाम म्हणजे घरगुती वस्तू, जसे खोबरेल तेल. त्यावर ‘आयुर्वेदिक’ असा शब्द असला की मग संशयच नको. ही समजूत आधी डोक्यातून काढली पाहिजे.

सांधेदुखीच्या अनेक तेलांत आणि मलमांत मिथाईल सॅलिसिलेट नावाचे द्रव्य असते. आयुर्वेदिक बाटलीवर तेच ‘गंधपुरा तेल’ या गोड नावाने येते. इंग्रजीत त्याला विंटरग्रीनचे तेल म्हणतात. हे ॲस्पिरिनच्याच कुळातले औषध आहे. हृदयविकाराच्या रुग्णाला रक्त पातळ राहावे म्हणून रोज ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात, ती अनेकांच्या परिचयाची असेल. आता हिशेब करा. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका लहान चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकी ताकद असते. म्हणजे ७५ मिलिग्रॅमच्या नव्वदहून अधिक गोळ्या एका चमच्यात! शरीराच्या दर किलो वजनामागे १५० मिलिग्रॅमच्या वर ॲस्पिरिन गेले की विषबाधेची शक्यता सुरू होते. आपल्याकडच्या कष्टकरी म्हाताऱ्या बाईचे वजन ४५ किलो धरले तर ही मर्यादा पावणेसात ग्रॅमला येते. म्हणजे एक चमचा पुरेसा आहे. लहान लेकरू असेल तर चमचाही लागत नाही. ४ मिलिलिटर तेलाने लहान मुलाचा जीव गेल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे.

आत्याच्या बाटलीतले गंधपुरा तेल शुद्ध नव्हते, दुसऱ्या तेलांत मिसळलेले होते आणि तिने दोनच झाकणे घेतली होती. म्हणून ती वाचली.

दुसरे द्रव्य म्हणजे कापूर. कापूर इतका ओळखीचा की त्याला विष म्हटले तर लोक हसतील. पण पोटात गेलेला कापूर मेंदूवर हल्ला करतो. माणूस बरा दिसत असतो आणि काही मिनिटांतच त्याला झटके सुरू होतात. अमेरिकेत पूर्वी ‘कॅम्फोरेटेड ऑइल’ म्हणजे कापराचे तेल दुकानात सर्रास मिळे. लोक ते एरंडेल, म्हणजे ‘कॅस्टर ऑइल’, समजून पीत आणि पाजत, कारण नावे ऐकायला जवळची आणि बाटल्याही सारख्या. असे अपघात इतके झाले की १९८२ मध्ये तिथल्या सरकारने हे तेल बाजारातून काढले आणि पुढच्या वर्षी बाहेरून लावायच्या औषधात कापूर ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा घातली. तिथे अक्षरओळख असलेली माणसे चुकत होती. तरीही सरकारने ‘नीट वाचा’ एवढा उपदेश करून हात झटकले नाहीत. वस्तूच हटवली.

आपल्याकडे तर कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल एकत्र करून त्याचे पाणी होते, ते पोटदुखीवर थेंब-थेंब घ्यायची रीत आहे. अमृतधारा म्हणून ते घरोघरी माहीत आहे. मग त्याच वासाचे तेल पोटात घेतले तर काय होते, असे एखाद्या म्हाताऱ्याला वाटले तर नवल काय? एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत कापूर आणि ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने प्राणवायू वाढतो अशी अफवा मोबाईलवरून गावोगावी गेली होती. शिकलेली माणसे गळ्यात पुरचुंड्या बांधून फिरत होती. घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी आहे, ही अंधश्रद्धाच आहे.

तिसरे द्रव्य टर्पेंटाईन. रंगाच्या दुकानातले तेच हे टर्पेंटाईन. ते पोटापेक्षा छातीत गेले तर अधिक घात करते. ओकारी काढताना ते श्वासनळीत उतरले की फुप्फुसाला सूज येते. आम्ही आत्याला मिठाचे पाणी पाजून नेमका हाच धोका ओढवून घेतला होता. निभावले, एवढेच.

न पिताही होणारी विषबाधा

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत्याला विचारले, “आजी, हे तेल रोज किती लावता?” आत्या म्हणाली, “आठवड्याला बाटली सरती.” मग त्यांनी एकेक प्रश्न विचारत सगळे बाहेर काढले. सकाळी तेल, दुपारी ट्यूब, रात्री पुन्हा तेल. वरून विटेचा शेक, आणि शेकावर फडके घट्ट बांधायचे. शिवाय औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. कानात आवाज कधीपासून येतो? “लई महिने झाले. म्हातारपण, दुसरं काय!”

ते म्हातारपण नव्हते. निदान सगळे तरी नव्हते. सॅलिसिलेटचे विष अंगात हळूहळू साठू लागले की कानात आवाज येतो, कमी ऐकू येते, मळमळते, श्वास जलद होतो, घाम येतो, माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, गुंगीत राहतो. तरुणाला असे झाले तर घर दवाखान्याकडे धावते. म्हाताऱ्याला झाले तर आपण म्हणतो, ‘वय झालं, भ्रमिष्टासारखं करतात.’ डॉक्टरसुद्धा फसतात. त्यांना वाटते जंतुसंसर्ग झाला असेल, अर्धांगाचा झटका असेल, स्मृतिभ्रंश असेल. कारण ‘अंगाला काय लावता?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तेल हे औषध आहे हे घरच्यांच्या लक्षात येत नाही म्हणून तेही सांगत नाहीत.

कातडीतून औषध आत जाते, म्हणून तर ते दुखण्यावर चालते. जे सांध्यापर्यंत जाते ते रक्तातही जाते. थोडे लावले तर थोडे जाते, शरीर ते बाहेर टाकते. पण जास्त भागाला, पुन्हा पुन्हा, खरचटलेल्या किंवा फुटलेल्या कातडीवर लावले, वरून शेक दिला, फडके बांधले, की शोषण वाढते. उतारवयात कातडी पातळ होते आणि मूत्रपिंडे मंदावतात. म्हणजे आत जास्त येते आणि बाहेर कमी जाते.

हे कल्पनेतले भय नाही. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहरात सतरा वर्षांची एक धावपटू मुलगी मरण पावली. ती पायांना दुखण्याची मलमे लावत असे, एकापेक्षा अधिक प्रकारची आणि प्रमाणाबाहेर. शवचिकित्सेत तिच्या शरीरात मिथाईल सॅलिसिलेटचे घातक प्रमाण सापडले आणि तो अपघाती मृत्यू ठरला. अशा घटना दुर्मीळ आहेत, हेही सांगितले पाहिजे. बामची डबी पाहून कुणी घाबरून जाऊ नये. पण सतरा वर्षांच्या धडधाकट मुलीचे शरीर जिथे हरले, तिथे सत्तरीतल्या, मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेल्या माणसाचे काय, हा विचार केला पाहिजे.

बाजारात खूप खपणाऱ्या दुखण्याच्या जेलवर घटक वाचा. अनेकांत डायक्लोफेनॅक असते आणि जोडीला १० टक्के मिथाईल सॅलिसिलेट असते. ३० ग्रॅमच्या एका ट्यूबमध्ये ते ३ ग्रॅम झाले, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम ॲस्पिरिनइतके. कातडीतून त्यातला काही भागच आत जातो हे खरे. पण त्याच वेळी माणूस डायक्लोफेनॅकची गोळीही खात असतो आणि हृदयासाठी ॲस्पिरिनही घेत असतो. तीन वाटांनी एकाच जातीचे औषध एका शरीरात शिरते, आणि तिन्ही वाटा वेगवेगळ्या माणसांनी दाखवलेल्या असतात. हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णाला वॉरफेरिन नावाची गोळी देतात. अशा रुग्णाने मिथाईल सॅलिसिलेटचे तेल भरपूर चोळले तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

शेकाचेही तसेच. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता की मेंथॉल आणि मिथाईल सॅलिसिलेट असलेल्या लावायच्या औषधांनी काही लोकांची कातडी भाजली आहे. मलम लावून वर फडके घट्ट बांधू नका, गरम पिशवीचा शेक देऊ नका, असे त्यांनी बजावले होते. आपल्याकडे तर ‘तेल चोळा आणि वर शेक द्या’ हाच सल्ला घरोघरी आहे. मधुमेहाने ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला भाजलेलेही कळत नाही.

दोष कुणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. औषध नियम, १९४५ नुसार लावायच्या औषधावर ‘फक्त बाह्य उपयोगासाठी’ असे लिहिणे बंधनकारक आहे. कंपनी ते लिहिते. कायदा पाळला गेला. पण ते लिहिले कुणासाठी? बाटलीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत, कुठे हिंदीत, मराठीत क्वचितच. अक्षरे मुंगीच्या पायाएवढी. कंपनीचे नाव आणि धावत्या घोड्याचे चित्र मात्र लांबून दिसावे इतके मोठे! ज्यांची कातडी थकली आहे आणि ज्यांची नजर गेली आहे, तेच या मालाचे मोठे गिऱ्हाईक आहेत, हे विकणाऱ्याला माहीत असते. इशारा मात्र तरुण डोळ्यांना वाचता येईल असाच छापला जातो.

आत्याला वाचता का येत नाही? ती आळशी होती म्हणून नाही. तिच्या गावची शाळा तिच्यासाठी नव्हती. तिच्या वयाची पोर शाळेत गेली तर धाकटी भावंडे कुणी सांभाळायची, शेण कुणी काढायचे, हा प्रश्न तिच्या घरापुढे होता. ज्या पिढीला अक्षरांपासून दूर ठेवले, त्याच पिढीला आज आपण म्हणतो, ‘बाटलीवर लिहिले होते ना!’ हा न्याय आहे का?

याच नियमांच्या ‘के’ परिशिष्टात एक सवलत आहे. एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात काही घरगुती औषधे, त्यात वेदनाशामक बाम, चोळायची तेले आणि निलगिरी तेलही आले, काही अटींवर विक्री परवान्याशिवाय विकता येतात. लहान गावातल्या माणसाला बामसाठी तालुक्याला जावे लागू नये, हा हेतू चांगलाच आहे. पण किराणा दुकानात बिस्किटांशेजारी औषध ठेवले की ते औषध वाटेनासे होते, आणि ‘हे पोटात घेऊ नका’ असे तोंडाने सांगणारा कुणी तिथे नसतो.

जाहिरातींचे काय सांगावे! १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याने ज्या रोगांवर रामबाण उपायाची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत संधिवातही आहे. तरी ‘सात दिवसांत गुडघेदुखी मुळापासून गायब’ असे दूरचित्रवाणीवर रोज ओरडून सांगितले जाते. आत्याने हे ऐकूनच दिवसातून तीनदा तेल चोळले. सात दिवसांत गेले नाही, तेव्हा तिला वाटले, आपणच कमी लावतो!

बाटलीची रचना बदलता येत नाही का? येते. अमेरिकेत १९७० साली विषबाधा टाळण्यासाठी वेष्टनाचा कायदा झाला. त्याच्या नियमांनुसार ५ टक्क्यांपेक्षा जास्त मिथाईल सॅलिसिलेट असलेल्या पातळ औषधाला लहान मुलाला सहज उघडता येणार नाही असे झाकण लागते. दाबून फिरवावे लागणारे झाकण अंधारातल्या हातालाही सांगते की थांब, ही नेहमीची बाटली नाही. आत्याच्या बाटलीचे झाकण एका फिरकीत उघडले. मराठीत ठळक अक्षरे, पोटात घेऊ नये असे दाखवणारे चित्र, वेगळ्या आकाराची बाटली, झाकणाऐवजी लावायचा गोळा. यातले काहीच अवघड नाही. मागणी करणारे कुणी नाही, म्हणून ते होत नाही. ज्यांना बाटली वाचता येते त्यांचे घर मोठे असते, औषधांचे कपाट वेगळे असते. ज्यांच्या एका खोलीत एकाच फळीवर रॉकेलची बाटली, खोकल्याचे औषध, फिनेल आणि गुडघ्याचे तेल असते, त्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचत नाही.

आणि मुळात माणसे इतके तेल का चोळतात? दुखते म्हणून. खडी फोडून, ऊस तोडून, कापूस वेचून, गटारे उपसून, दुसऱ्याच्या फरशा पुसून ज्यांचे सांधे झिजले, त्यांना तज्ज्ञ डॉक्टर, व्यायाम शिकवणारा माणूस, क्ष-किरण तपासणी यांपैकी काही सहज मिळत नाही. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. सरकारी रुग्णालयात रांग, खासगीत फी. मग पन्नास-साठ रुपयांची बाटली हाच डॉक्टर होतो. तिला दोष देऊन उपयोग नाही. तेलाने तात्पुरता आराम पडतोही. पण सहा महिने सतत तेल लागत असेल तर ते दुखणे तेलाचे नाही, डॉक्टरला दाखवायचे आहे, एवढे घरातल्या कमावत्या माणसाने ओळखले पाहिजे. आम्ही ओळखले नाही. बाटली आणून दिली की आपले कर्तव्य संपले, असे मलाही वाटत होते.

आपल्या हातात काय आहे?

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्याला पुष्कळ करता येते.

पहिले, आज रात्रीच घरातली फळी तपासा. लावायची औषधे आणि पोटात घ्यायची औषधे एका जागी ठेवू नका. लावायची औषधे वेगळ्या डब्यात, शक्यतो दुसऱ्या भिंतीला. बाटलीला लाल चिंधी किंवा जाड रबर बांधा, म्हणजे अंधारात हाताला कळेल. तेल दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, कधीही ओतून ठेवू नका. ट्यूब दात घासायच्या पेस्टजवळ ठेवू नका. नातवंडांच्या हाती लागेल अशी तर मुळीच नको.

दुसरे, लावताना थोडे लावा, सांगितले असेल तितक्याच वेळा लावा. जखमेवर, फुटलेल्या कातडीवर लावू नका. लावल्यावर शेक नको, घट्ट पट्टी नको. हात साबणाने धुवा. दोन-तीन प्रकार एकाच वेळी वापरू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांबरोबर तेल आणि ट्यूबही पिशवीत घाला.

तिसरे, चुकून पोटात गेलेच तर ओकारी काढू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, लिंबू काही देऊ नका. चूळ भरायला लावा. किती वाजता, किती घेतले ते लक्षात ठेवा. बाटली बरोबर घ्या आणि माणूस बरा दिसत असला तरी लगेच रुग्णालय गाठा, कारण कापराचा झटका मिनिटांत येतो, तर सॅलिसिलेटचा परिणाम तासांनी वाढतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा नि:शुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो भिंतीवर लिहून ठेवा. सॅलिसिलेटवर उतारा म्हणून एखादे ठरावीक औषध नाही. पण शिरेतून सोडा बायकार्बोनेट देऊन, गरज पडली तर डायलिसिस करून माणूस वाचवता येतो. त्यासाठी वेळेत पोहोचणे हाच खरा उतारा आहे.

चौथे, पोलिस केसच्या भीतीने माणूस घरी ठेवू नका. विषबाधेची नोंद रुग्णालयाला करावी लागते, ती नियमाची बाब आहे. जे घडले ते खरे सांगा. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे की जीव वाचवणारे उपचार आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. सरकारी असो की खासगी, कोणत्याही डॉक्टरला हे टाळता येत नाही. हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

आणि पाचवे, हे एकट्या घराचे काम नाही. आपल्या विहारांत, वाचनालयांत, महिला मंडळांत दर आठवड्याला माणसे जमतात. एका रविवारी सगळ्यांना घरातली तेले, ट्यूबा, बाम घेऊन यायला सांगा. वस्तीतल्या नर्सताई, आशाताई, फार्मसी शिकणारी पोरे यांना बोलवा. एकेक बाटली मोठ्याने वाचा. ज्यावर ‘गंधपुरा’, ‘कापूर’, ‘टर्पेंटाईन’ आहे त्यावर लाल चिंधी बांधून द्या. कुणाच्या कानात आवाज येतो तेही विचारा. दोन तासांचे काम आहे, आणि खर्च चिंध्यांचा.

आमच्या घरी आता तेलाच्या बाटलीला आत्याच्याच जुन्या लुगड्याच्या लाल काठाची पट्टी बांधली आहे. तेल आठवड्यातून दोनदा, तेही थोडेच. सरकारी रुग्णालयातल्या बाईंनी शिकवलेला गुडघ्याचा व्यायाम ती कुरकुरत का होईना करते. कानातला भुंगा पंधरा-वीस दिवसांत गेला. परवा माझी मुलगी शाळेतून आली तर आत्याने तिला बाटली दाखवून विचारले, “ह्याच्यावर काय लिवलंय, ते वाच बरं.” पोरीने वाचले. आत्या म्हणाली, “येवढंच व्हतं व्हय? मग आधी कुणी सांगितलं का न्हाई?”

या प्रश्नाचे उत्तर कंपनीने द्यायचे आहे, सरकारने द्यायचे आहे. पण पहिले उत्तर मला, तुम्हाला, घरातल्या प्रत्येक वाचता येणाऱ्या माणसाला द्यायचे आहे. आज घरी गेल्यावर फळीवरची बाटली उचला आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना ती वाचून दाखवा.